बटन दाबल्यापासून पडदा उजळेपर्यंत

‘लॅपटॉप चालू होतो आणि लगेच बंद पडतो’ ही तक्रार ऐकायला एकच असली तरी तिच्यामागे एकमेकांशी काहीही संबंध नसलेले अनेक दोष असू शकतात, आणि म्हणून अनुभवी कारागीर दोषाचे नाव शोधण्यापूर्वी यंत्र नेमके कुठपर्यंत जाऊन थांबते हे पाहतो. बटन दाबताच प्रोसेसर कामाला लागतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात त्याआधी मदरबोर्डवरील ‘एम्बेडेड कंट्रोलर’ हा लहानसा नियंत्रक, जो लॅपटॉप बंद असतानाही जागाच असतो, वेगवेगळ्या व्होल्टेजचे पुरवठे ठरलेल्या क्रमाने सुरू करवतो, आणि ते सर्व स्थिर झाल्याचा संकेत मिळाल्यावरच प्रोसेसर एका छोट्या फ्लॅश चिपमध्ये साठवलेला प्रोग्रॅम चालवू लागतो. १९८१ च्या आयबीएम पीसीपासून रूढ झालेले ‘बायोस’ हे नाव या प्रोग्रॅमला दुकानांतून आजही चालते, जरी नव्या यंत्रांत त्याची जागा यूईएफआय या अधिक विस्तृत व्यवस्थेने घेतली आहे. हा प्रोग्रॅम रॅम तपासतो, डिस्क शोधतो आणि डिस्कच्या एका राखीव भागातून ‘बूटलोडर’ उचलतो; बूटलोडर विंडोज किंवा लिनक्सचा गाभा, म्हणजे ‘कर्नल’, स्मृतीत आणतो; कर्नल प्रत्येक उपकरणाचा ड्रायव्हर चढवतो आणि मग कुठे पासवर्ड विचारणारा पडदा दिसतो. प्रत्येक टप्पा मागच्या टप्प्याच्या यशावर उभा असल्यामुळे, थांबण्याची जागा कळली की निम्मे निदान झालेले असते.

मुंबईत लॅमिंग्टन रोड या जुन्या नावानेच ओळखल्या जाणाऱ्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर किंवा कोणत्याही शहरातील मदरबोर्ड दुरुस्त करणाऱ्या दुकानात, टेबलाच्या कडेला हवे ते व्होल्टेज देणारा आणि किती विद्युतप्रवाह ओढला जात आहे हे आकड्यांत दाखवणारा एक डीसी सप्लाय ठेवलेला असतो. लॅपटॉपची बॅटरी सोडवून आणि चार्जर बाजूला ठेवून या सप्लायवरून त्याला साधारण १९ व्होल्ट दिले जातात, आणि मग कारागिराची नजर लॅपटॉपच्या पडद्यापेक्षा त्या आकड्यांवर अधिक खिळते. बटन दाबण्यापूर्वी प्रवाह अतिशय अल्प, अँपियरचे काही शतांश इतकाच, असायला हवा. तो तेव्हाच मोठा दिसला तर मुख्य पुरवठ्याच्या वाटेवर कुठेतरी शॉर्ट आहे, बहुधा एखादा कपॅसिटर फुटून आतून जोडला गेला आहे, असा संशय घेता येतो. बटन दाबल्यावर आकडा वाढू लागतो, प्रोसेसर आणि रॅमचे काम सुरू होताच वरखाली हलू लागतो, आणि हे हलणेच यंत्र काही वाचत आहे, काही चालवत आहे याची खूण असते. आकडा थोडासा चढून क्षणात शून्याजवळ परतला तर एखादा पुरवठा स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतो आहे. एका ठिकाणी गोठून राहिला तर पुरवठे आले आहेत, पण प्रोसेसर रॅमपाशी किंवा बायोसपाशी अडला आहे. यूएसबी-सी चार्जरवर चालणाऱ्या नव्या लॅपटॉपमध्ये व्होल्टेज चार्जर आणि यंत्र यांच्यातील संवादातून ठरत असल्याने ही पद्धत तशीच्या तशी लागू होत नाही आणि त्या संवादावर नजर ठेवणारे वेगळे मीटर वापरावे लागते. बंद पडद्याच्या यंत्राविषयी इतकी माहिती केवळ एका आकड्याच्या चढउतारातून काढण्याचे हे कौशल्य कोणत्याही अभ्यासक्रमाच्या पुस्तकातून पुरते येत नाही, आणि त्याला मिळायला हवा तेवढा मान आपल्याकडे मिळत नाही.

पुरवठे निर्दोष आढळले की संशय बहुधा रॅमवर जातो. रॅमच्या पट्टीच्या सोनेरी टोकांवर दमट हवेने आणि धुळीने थर साचतो, विशेषतः कोकणात आणि किनाऱ्यालगतच्या शहरांत, आणि साध्या खोडरबराने ती टोके पुसून पट्टी पुन्हा नीट बसवल्यावर ‘मेलेला’ लॅपटॉप सुरू होतो हे वारंवार घडते. दोन पट्ट्या असतील तर एकेक काढून, खाचा बदलून पाहिले जाते, आणि इथेच एक बारकावा अनेकांकडून निसटतो: रॅम बदलल्यानंतरच्या पहिल्या प्रारंभी बायोस नव्या पट्टीशी संकेतांच्या वेळा जुळवून घेतो, ज्याला ‘मेमरी ट्रेनिंग’ म्हणतात, आणि त्या काळात पडदा बराच वेळ काळाच राहू शकतो, जो धीर सोडून मध्येच बटन दाबतो तो चांगल्या रॅमला सदोष ठरवून मोकळा होतो.

यंत्र कंपनीच्या लोगोपर्यंत पोहोचून मग कोसळत असेल, तर चौकशीची दिशा बदलते. या टप्प्यावर लिनक्स भरलेला पेनड्राइव्ह लावून त्यावरून लॅपटॉप सुरू करणे ही सर्वांत फलदायी चाचणी होय, कारण त्यात मूळ डिस्कवरील विंडोजचा काहीच वापर होत नाही. पेनड्राइव्हवरून यंत्र तासभर सुरळीत चालले तर मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम यांच्यावरचा संशय बराच हटतो आणि डिस्क किंवा विंडोज एवढेच उरते; पेनड्राइव्हवरही कोसळले तर विंडोजला दोष देण्यात अर्थ नसतो. त्याच वेळी डिस्कची ‘स्मार्ट’ नोंद, म्हणजे डिस्कने स्वतःच्या प्रकृतीविषयी ठेवलेली आकडेवारी, वाचता येते, आणि निकामी झालेल्या भागांची संख्या वाढत असल्याचे दिसले तर बाकी सर्व काम थांबवून आधी माहितीची प्रत काढणे हे कारागिराचे कर्तव्य ठरते. मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर ‘चेकडिस्क’सारखी दुरुस्ती चालवल्यास ती डिस्क तासन्‌तास राबते आणि वाचण्याजोगा भागही गमावण्याचा धोका वाढतो.

याच कारणासाठी बाजारात सर्रास चालणारी ‘फॉरमॅट मारून देतो’ ही पद्धत आक्षेपार्ह आहे. नवे विंडोज चढवल्याने काही दोष जातात हे खरे, परंतु ग्राहकाची छायाचित्रे, हिशेब आणि प्रबंध यांच्यासोबत दोषाचा पुरावाही पुसला जातो, आणि दोष रॅममध्ये किंवा डिस्कमध्ये असेल तर तो काही आठवड्यांत परत येतो. वास्तविक विंडोज स्वतःच बरेच सांगत असते. लागोपाठ दोनदा प्रारंभ फसला की ते पुढच्या वेळी दुरुस्तीच्या वेगळ्या वातावरणात शिरते, जिथून अत्यावश्यक तेवढेच ड्रायव्हर घेऊन चालणारा ‘सेफ मोड’ निवडता येतो. बिघाडानंतर आपोआप पुन्हा सुरू होण्याची सोय बंद केली की डोळ्यांसमोरून क्षणात सरकणारा त्रुटीचा पडदा स्थिर राहतो आणि त्यावरील संकेत वाचता येतो. ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ हा त्यांपैकी एक नेहमीचा संकेत असून जुन्या लॅपटॉपमध्ये त्याचे मूळ कधीकधी ३ व्होल्टच्या नाण्याएवढ्या सेलमध्ये सापडते: सेल संपतो, बायोसच्या मांडण्या मूळपदावर जातात, डिस्कशी बोलण्याची पद्धत बदलते आणि विंडोजला स्वतःचीच डिस्क ओळखता येत नाही. अशा वेळी मांडणी पूर्ववत करणे आणि सेल बदलणे एवढेच पुरते.

आणखी एक गोष्ट वापरणाऱ्यांना सहसा ठाऊक नसते. २०१२ च्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ या सोयीमुळे ‘शट डाउन’ केल्यावर कर्नलची अवस्था डिस्कवर जतन होते आणि पुढच्या वेळी तीच उचलली जाते, त्यामुळे बिघडलेल्या ड्रायव्हरची अवस्था बंद-चालू करूनही तशीच राहू शकते, तर ‘रीस्टार्ट’ केल्यावर सर्व काही खरोखर नव्याने सुरू होते.

ड्रायव्हरच्या पातळीवरचा दोष किती व्यापक ठरू शकतो याचे सर्वांत मोठे उदाहरण १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिले, जेव्हा क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा-सॉफ्टवेअरला आलेल्या एका सदोष फाइलमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख संगणक कोसळले, त्यांतले बरेचसे सुरू होताना पुन्हापुन्हा कोसळत राहिले, आणि भारतातही काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. उपाय साधा होता, सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल काढणे. पण बहुतेक यंत्रे नेटवर्कशी जोडली जाण्याच्या टप्प्याआधीच पडत असल्याने तंत्रज्ञांना एकेका यंत्रापाशी जाऊन बसावे लागले, आणि जिथे डिस्क ‘बिटलॉकर’ने कुलूपबंद होती तिथे प्रत्येक यंत्राची ४८ अंकी पुनर्प्राप्ती-किल्ली शोधावी लागली. हीच किल्ली घरगुती लॅपटॉपचा बायोस नव्याने लिहिल्यावर किंवा मदरबोर्ड बदलल्यावरही मागितली जाऊ शकते. म्हणून प्रामाणिक कारागीर कामाला हात घालण्यापूर्वीच ती ग्राहकाकडे आहे का हे विचारतो.

सर्वांत त्रासदायक दोष मात्र ते, जे कधी दिसतात आणि कधी दिसत नाहीत. गार असताना कोसळणारा आणि तापल्यावर नीट चालणारा लॅपटॉप चिपखालच्या सोल्डरच्या सूक्ष्म तड्याकडे बोट दाखवतो; उलट, सुरू होऊन थोड्याच वेळात बंद पडणाऱ्या यंत्रात पंखा धुळीने जाम झालेला किंवा प्रोसेसरवरील उष्णतावाहक लेप वाळलेला असतो आणि तापमान मर्यादेपलीकडे जाताच प्रोसेसर स्वतःच वीज तोडतो. तड्यावर गरम हवा मारून यंत्र तात्पुरते जिवंत करण्याची युक्ती प्रचलित आहे, पण ग्राहकाला तिचे तात्पुरतेपण न सांगता पूर्ण पैसे घेणे ही फसवणूकच होय. अशा यंत्राची परीक्षा दुरुस्तीनंतर लगेच घेऊन काही सिद्ध होत नाही, म्हणून ते रात्रभर पूर्ण बंद ठेवून सकाळी गार असताना सुरू केले जाते, रॅमची लांब तपासणी चालवली जाते, एकदा केवळ बॅटरीवर आणि एकदा केवळ चार्जरवर प्रारंभ करून पाहिला जातो, आणि प्रत्येक वेळी पासवर्डच्या पडद्यापर्यंत विनाखंड पोहोचल्यावरच झाकणाचे स्क्रू आवळले जातात.