क्रिएटिनिन 1.2, पण कोणाचं?

रिपोर्टवर ‘क्रिएटिनिन 1.2’ एवढंच छापलेलं असतं. आकडा पंचविशीतल्या तरुणाचा असेल तर वय आणि लिंग धरणाऱ्या 2021 च्या सूत्रानुसार त्याच्या किडन्यांचा रक्त गाळण्याचा वेग मिनिटाला साधारण 86 मिलिलिटर निघतो. साठीच्या बाईचा असेल तर 52. हा वेग तीन महिन्यांहून जास्त काळ 60 च्या खाली राहिला की दीर्घकालीन किडनीविकार समजतात. शिवाय क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंतून. हाडकुळ्या, अर्धपोटी माणसात ते मुळातच कमी, त्यामुळे सूत्रातून येणारा वेगही खऱ्यापेक्षा बरा दिसतो. ‘रिपोर्ट नॉर्मल’ म्हणून घरी परतलेली शेतमजूर बाई रुग्णही असू शकते. माणूस पाहून उपचार ठरवायचे, या गोष्टीची सुरुवात जनुकांच्या प्रयोगशाळेत नव्हे, या साध्या रिपोर्टपाशी होते.

अमेरिकेत याआधीच्या सूत्राने वेगळाच घोळ घातला होता. 1999 च्या सूत्रात रुग्ण कृष्णवर्णीय असेल तर उत्तराला 1.18 ने गुणायचे. कागदावर किडनी धडधाकट दिसे आणि प्रत्यारोपणाच्या यादीत नाव उशिरा लागे. 2021 मध्ये वंशाचा हा गुणक काढून टाकला. 2023 पासून यादीतल्या कृष्णवर्णीय रुग्णांना हुकलेला काळ मोजून द्यायला सुरुवात झाली. त्याआधीच, 2010 मध्ये, ‘एपीओएल-1’ या जनुकाची दोन रूपं सापडली होती. पश्चिम आफ्रिकी वंशजांना ती निद्रारोगाच्या जंतूपासून वाचवतात; मात्र आई आणि वडील दोघांकडून आली तर किडनीच्या मुळावर उठू शकतात. आफ्रिकी-अमेरिकनांपैकी सुमारे 13 टक्के लोकांत ती अशी दुहेरी आढळतात. त्यावरच्या इनॅक्साप्लिन या औषधाने 13 आठवड्यांत लघवीतून जाणारं प्रथिन जवळपास निम्म्यावर आणलं, असं 2023 मध्ये प्रसिद्ध झालं. रुग्ण अगदी मोजके होते, म्हणून हुरळून जायला नको. पण कातडीच्या रंगावरून अंदाज बांधण्यापेक्षा नेमका दोष शोधणं केव्हाही बरं.

आपल्याकडे जनुकांची चर्चा बहुधा टॅक्रोलिमसपाशी येते, प्रत्यारोपणानंतर नवी किडनी नाकारली जाऊ नये म्हणून देतात त्या औषधापाशी. ‘सीवायपी3ए5’ हे ते औषध मोडणारं विकर ज्यांच्यात सक्रिय असतं त्यांना नेहमीच्या दीडपट ते दुप्पट मात्रा लागू शकते. तपासणी उपयोगाची आहे, पण रक्तातली औषधाची पातळी वेळच्या वेळी मोजली तरी बरंचसं काम भागतं. या क्षेत्राला थोडी जाहिरातीची चमकही आहे, हे म्हटलेलं बरं.

माझ्या मते खरा वस्तुपाठ चेन्नईजवळच्या खेड्यांत घडला. डॉ. एम. के. मणी हे नामांकित किडनीतज्ज्ञ. शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची रांग संपवणं अशक्य आहे, हे ओळखून त्यांच्या किडनी हेल्प ट्रस्टने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सुमारे 25,000 वस्तीत काम उभं केलं. गावातल्याच मुलींना शिकवून तयार केलं. त्या घरोघर जात, रक्तदाब मोजत, लघवीत प्रथिन आणि साखर तपासत. महागड्या पट्ट्या नाहीत. साखरेसाठी शाळेच्या प्रयोगशाळेतलं बेनेडिक्टचं निळं द्रावण. औषधंही जुनी, स्वस्तातली: रिसर्पिन, हायड्रोक्लोरोथायझाइड, मेटफॉर्मिन. रक्तदाबाच्या 96 टक्के रुग्णांचा दाब 140/90 च्या खाली आला, मधुमेहींपैकी 52 टक्क्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर आटोक्यात आली. दरडोई वार्षिक खर्च 27 अमेरिकी सेंट, म्हणजे तेव्हाचे बारा-तेरा रुपये. कोणाची गोळी संपली, कोण बारशाला माहेरी गेली, हे त्या मुलींना ठाऊक असे. इतकी वैयक्तिक माहिती कुठला जनुकनकाशा देणार?

आता औषधंही सुधारली आहेत. मधुमेहासाठी निघालेली डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधं मधुमेह नसलेल्यांच्या किडन्यांनाही जपतात, हे 2020 पासूनच्या मोठ्या चाचण्यांनी दाखवलं. भारतात पहिल्याचं मूळ पेटंट 2020 मध्ये, दुसऱ्याचं 2025 मध्ये संपलं आणि किमती कोसळल्या. अडचण आहे ती गोळी योग्य माणसापर्यंत वेळेत पोचण्याची. सरकारी घरोघर तपासणीचा भर रक्तदाब, मधुमेह आणि तीन कर्करोगांवर आहे. लघवीतलं प्रथिन त्या पाचांत नाही.

आजार हाताबाहेर गेला की उरतं मशीन. 2016 च्या राष्ट्रीय डायलिसिस योजनेमुळे जिल्हा रुग्णालयांत सोय झाली. पण आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, वर एसटीचा प्रवास आणि बुडालेली मजुरी. मग तीनचे दोन होतात. आहाराचा तक्ताही अनेकदा कुणा परक्या स्वयंपाकघराचा. पापड, लोणचं, ठेचा यांचं मीठ त्यात नसतंच. भेटीला येणारे नातेवाईक मायेने शहाळं आणतात. डायलिसिसवरच्या माणसाला त्यातलं पोटॅशियम जिवावर बेतू शकतं. ‘पाणी भरपूर प्या’ हा सल्लाही त्याला चालत नाही.

काही ठिकाणी तर मधुमेह नाही, रक्तदाब नाही, तरी किडन्या जातात. आंध्रातल्या उद्दानममध्ये काजू-नारळाच्या बागांत राबणारे, मध्य अमेरिकेत ऊस तोडणारे. कारणांवर वाद आहेत, तरी उन्हातले कष्ट आणि शरीरातलं पाणी आटणं हा मोठा संशयित आहे. निकाराग्वातल्या एका साखर कारखान्याच्या मळ्यांवर पाणी, विश्रांती, सावली हीच उपाययोजना झाली. आपल्या पूर्णाखोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यातही, अकोला-बुलढाण्याच्या बाजूला, गावकरी किडनीच्या आजाराचा संबंध पाण्याशी जोडत आले आहेत.

आणि बीडच्या ऊसतोड टोळ्या? दिवाळीच्या आगेमागे बैलगाड्या, ट्रॅक्टर निघतात ते उन्हाळ्यातच परततात. गावातल्या आशाताईंच्या वहीत नाव असतं पण माणूस नसतो. फडावर माणूस असतो, तर तिथल्या वहीत नाव नसतं. त्यांचं क्रिएटिनिन हंगामाच्या आधी आणि नंतर कोण तपासणार, आरोग्य खातं की कारखाना?