रोह्याच्या रुळांवरून परदेशी

मध्य रेल्वेची हद्द रोह्यात संपते आणि कोकण रेल्वेचे अंतर तिथून मोजले जाते. शून्य रोह्यात, शेवट मंगळूरजवळच्या ठोकूरला, मधले अंतर सुमारे ७४० किलोमीटर. या मोजणीत मडगाव साधारण ४३५व्या किलोमीटरला येते. आजच्या रोहेकराला हे गाव म्हणजे गोव्यात उतरायचे ठिकाण, तिथून पुढे कोलवा नाहीतर पणजी. पण १९ डिसेंबर १९६१पर्यंत मडगाव परदेशात होते. कचेरीवर पोर्तुगीज झेंडा होता, पोलीस पोर्तुगालचे होते आणि १९५९पासून तर बाजारात रुपिया जाऊन एस्कुदो आला होता.

त्या काळी रेल्वेने परदेशी शहर गाठायचे म्हटले, तर तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे पेण-रोह्याकडच्या माणसाला हाताशी होते ते मडगाव. दमण अंतराने जवळ, तेही पोर्तुगीजांचे. पण रेल्वे दमणमध्ये जातच नाही, वापीला उतरून पुढचा रस्ता धरावा लागतो. मडगावला मात्र गाडी थेट शहरात जात होती. अडचण एवढीच की ती पेण-रोह्याकडून जात नव्हती. मडगाव परदेशात होते तेव्हा रोह्यात रूळ नव्हते, आणि रोह्याहून रूळ निघाले तेव्हा तिकडचा परदेश संपून तीन दशके उलटली होती. एका दिवसात आगगाडीने परक्या मुलखात जाऊन यायची पेण-रोहेकरांची संधी अशी दोन्हीकडून हुकली.

खरे तर पोर्तुगीज रोह्याला नवे नव्हते. गावाला वळसा घालून जाणारी कुंडलिका जिथे समुद्राला मिळते, तिथे रेवदंड्याचा कोट आणि पलीकडे कोर्लईचा किल्ला. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून १७४०पर्यंत खाडीचे तोंड त्यांच्याकडे होते. रोह्याहून मचवा सोडला तर ओहोटीबरोबर माणूस परक्या राज्यात पोचे. १७४०मध्ये चौल-रेवदंडा मराठ्यांकडे आले, पोर्तुगीज निघून गेले, भाषा मात्र मागे राहिली. कोर्लई गावातली काही ख्रिस्ती कुटुंबे आजही घरात पोर्तुगीजपासून झालेली एक मिश्र बोली बोलतात. तिला ते ‘नौ लिंग’ म्हणतात. चुलीपाशी ही बोली, बाजारात मराठी. ज्याला ‘परदेश’ जवळून ऐकायचा आहे, त्याने आधी इथे जावे. रेल्वेचे तिकीटही लागत नाही.

आता जुन्या रेल्वेकडे. गोव्यात रेल्वे आली ती एका तहामुळे, आणि त्या तहाच्या मुळाशी मीठ होते. पेणकराला हे चटकन पटेल. पेणची मिठागरे, अंतोऱ्याच्या बंदरातून चालणारा मिठाचा आणि भाताचा व्यापार, या गोष्टी तिथल्या जुन्या पिढीच्या तोंडी असतात. इंग्रज सरकारचा मिठावर कर होता आणि त्यावर डोळ्यांत तेल घालून पहारा होता. शेजारच्या गोव्यात मीठ पिकणार, ते बिनकराचे घाटावर चढणार, म्हणजे इंग्रजांच्या तिजोरीला भोकच. डिसेंबर १८७८मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज सरकारांत करार झाला. गोव्यातल्या मिठावर इंग्रजांचे नियंत्रण, बदल्यात पोर्तुगीजांना वर्षाला चार लाख रुपये, दोन्ही मुलखांत जकातीची एकी, आणि मुरगाव बंदरापासून घाटावरच्या कॅसलरॉकपर्यंत रेल्वे. करार १८९२मध्ये मोडीत निघाला. रेल्वे राहिली. मिठागरवाल्याला त्या करारातून काय मिळाले, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही. तसा तो कुठल्याच करारात विचारत नाहीत.

सुमारे ८२ किलोमीटरचा हा मीटरगेज मार्ग १८८८मध्ये घाटावरच्या जाळ्याला जोडला गेला. कॅसलरॉक ते कुळे हा त्यातला घाटाचा तुकडा आजही पाहण्यासारखा आहे. सदतीस फुटांना एक फूट असा उतार, एकामागून एक बोगदे, आणि मध्येच दूधसागर. धबधब्याच्या पोटातून पूल गेला आहे. पावसाळ्यात गाडी त्यावर आली की खिडकीतून तुषार आत येतात आणि डबाभर एकच गलका होतो. त्या काळी मात्र प्रवाशाचे लक्ष पाण्यापेक्षा ट्रंकेकडे असणार. वर कॅसलरॉकला आपल्याकडची जकात चौकी, खाली कुळ्याला पोर्तुगीजांची. दोन्हीकडे गाडी थांबायची, सामान उघडायचे, चौकशा व्हायच्या.

पेणहून या गाडीपर्यंत पोचायचे तरी कसे? रस्त्याने खोपोली, तिथून फाट्याच्या गाडीने कर्जत, मग बोरघाट चढून पुणे. पुण्याहून मिरज, बेळगाव, लोंढा अशी मीटरगेजची रात्र काढायची. लोंढ्याहून कॅसलरॉक, मग घाट उतरून कुळे, सावर्डे आणि मडगाव. म्हणजे समुद्राच्या पातळीवरच्या गावाहून समुद्राच्या पातळीवरच्या दुसऱ्या गावाला जायला सह्याद्री एकदा चढायचा आणि एकदा उतरायचा. त्यामुळे बहुतेक जण या वाटेला जात नसत. ते मुंबई गाठत आणि पणजीच्या आगबोटीत बसत. एका दिवसात जाऊन येणे कुठल्याच वाटेने शक्य नव्हते.

मग तीही गाडी थांबली. १९५४पासून भारताने गोव्याची आर्थिक कोंडी सुरू केली. पैसे पाठवण्यावर, मालावर, ये-जा करण्यावर निर्बंध आले. १५ ऑगस्ट १९५५ला सत्याग्रही हद्दीत शिरले, पोर्तुगीजांनी गोळ्या चालवल्या, आणि त्यानंतर सीमेपलीकडची रेल्वे बंद झाली. या कोंडीच्या काळात दिल्लीत अर्थखाते होते चिंतामणराव देशमुखांकडे, म्हणजे रोह्याच्या देशमुख घराण्यातल्या माणसाकडे. रोह्याचा गोव्याच्या रेल्वेशी आलेला पहिला संबंध ती बंद पडण्याच्या वेळचा म्हणायचा. हा योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही. पण गावाच्या इतिहासात तो कोणी लिहिलेला मला दिसला नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

सकाळी आगगाडीने परदेश आणि रात्री घरचे जेवण, ही चैन जगात काही ठिकाणी आता रोजची झाली आहे. लंडन ते पॅरिस समुद्राखालच्या बोगद्यातून गाडी धावू लागली १९९४च्या नोव्हेंबरात; आज हा प्रवास सव्वादोन तासांचा आहे. लंडनमधल्या मराठी घरांत पाहुणा आला की शनिवारी पॅरिस दाखवून आणतात. तिथे पासपोर्टची सगळी तपासणी गाडीत चढण्याआधीच होते, सीमेवर कोणी ट्रंका उघडत नाही. आपल्याकडे अशी सोय फार थोडी. समझौता आणि थार या पाकिस्तानकडच्या गाड्या २०१९मध्ये बंद पडल्या. कोलकाता-ढाका मैत्री २००८मध्ये सुरू झाली आणि २०२४मध्ये थांबली. राहते बिहारमधले जयनगर ते नेपाळातले जनकपूर. एप्रिल २०२२पासून तिथे पुन्हा गाडी धावते, अंतर तीस किलोमीटरच्या आत. नेपाळला जायला भारतीयाला व्हिसा लागत नाही. जयनगरला मुक्काम टाकला तर सीतेचे माहेर पाहून त्याच दिवशी परतता येईल. पण पेणहून आधी जयनगर गाठायचे, हाच मोठा प्रवास.

पुन्हा आपल्या रुळांवर येऊ. दिव्याकडून आलेली रेल्वे आपट्याला बरीच वर्षे अडून बसली होती; रोह्यापर्यंत पोचायला १९८६ उजाडले. तिथून पुढे कोकणात रेल्वे नेण्यासाठी बॅ. नाथ पै आणि मधु दंडवते यांनी संसदेत किती घसा कोरडा केला, हे कोकणी माणसाला सांगायला नको. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना जुलै १९९०मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले, धुरा ई. श्रीधरन यांच्याकडे आली. रोहा ते वीर हा तुकडा १९९३मध्येच सुरू झाला. पुढे रत्नागिरीजवळ साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा आणि चौसष्ट मीटर उंचीचा पानवल नदीचा पूल उभा राहिला. सगळ्यांत जास्त दमवले ते पेडण्याच्या दीड किलोमीटरच्या बोगद्याने. तिथली माती भिजल्या पिठासारखी. खणावे तितकी आत येई, माणसेही दगावली. २६ जानेवारी १९९८ला संपूर्ण मार्गावर गाडी धावली.

इथे एक गोष्ट प्रवाशाने लक्षात ठेवावी. कोकण रेल्वेवर भाडे मोजताना अंतर चाळीस टक्के वाढवून धरतात. रोहा-मडगाव रुळांवर ४३५ किलोमीटर असले, तरी तिकिटावर ते सहाशेच्या घरात जाते. बोगदे आणि पूल बांधायला काढलेले कर्ज फेडायचे, हे त्याचे कारण. महामंडळ भारतीय रेल्वेत विलीन करायला महाराष्ट्रानेही २०२५मध्ये संमती दिली. विलीनीकरण झाले म्हणजे हा वाढीव हिशेब जाईल, अशी कोकणात आशा आहे. मी तूर्त वाढीव पैसे खिशात ठेवूनच निघेन.

आता मुद्द्याचा प्रश्न. पेण किंवा रोह्याहून मडगावला एका दिवसात जाऊन येता येते का? येते, पण जरा उलटे जाऊन. जून २०२३मध्ये मुंबई-मडगाव वंदे भारत सुरू झाली. पावसाळा सोडला तर ती शुक्रवारखेरीज रोज धावते. मुंबईहून पहाटे ५.२५, पनवेलला साडेसहाच्या सुमारास, मडगावला दुपारी १.१०. परतीला मडगावहून २.४०, पनवेल रात्री नऊच्या आसपास. सुरू झाली तेव्हा तिच्या थांब्यांत पनवेलनंतर एकदम खेड होते. म्हणजे ज्या गावातून कोकण रेल्वे सुरू होते, त्या गावच्या प्रवाशाने आधी मुंबईच्या दिशेने पनवेलला जायचे, तिथे गाडी धरायची आणि तासाभराने आपलेच गाव खिडकीतून बघायचे. पेणकराचेही तेच. महामार्गाने पहाटे पनवेल गाठायला फार वेळ लागत नाही, पण त्या महामार्गाचे काम २०११पासून चालू आहे, तेव्हा अर्धा तास जादा धरावा.

खिडकी मात्र सोडू नये. आपटा मागे पडले की जिते, हमरापूर. हमरापूर आणि शेजारचे जोहे ही गणपतींची गावे. वर्षातल्या कुठल्याही महिन्यात शेडमध्ये पांढऱ्या, अजून रंग न लागलेल्या मूर्ती ओळीने उभ्या दिसतात; सोंडा एकाच बाजूला, हात अजून रिकामे. यांतल्या कित्येक मूर्ती कंटेनरमधून खरोखरच्या परदेशी जातात, अमेरिकेला, आखातात. मग पेण, कासू, नागोठण्याची अंबा नदी, निडी आणि रोहा. हा तुकडा इतका झपाट्याने सरतो की रोज मेमूने तो पार करणाऱ्याला ओळखूच येत नाही.

मडगावात हाती राहतो दीड तास. समुद्रावर जाऊ नये, कोलवा गाठून परतेपर्यंत जीव टांगणीला लागतो. स्टेशनबाहेर पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल घेऊन ‘पायलट’ उभे असतात. एकटा माणूस असेल तर याहून चांगले वाहन नाही. त्याला चर्चकडे न्यायला सांगावे. होली स्पिरिट चर्चची आजची इमारत सतराव्या शतकातली, समोर मोठे पटांगण, भोवती जुने पोर्तुगीज वळणाचे वाडे. जवळच सात बुरजांचे म्हणून ओळखले जाणारे घर आहे, अठराव्या शतकाच्या अखेरचे. छपराच्या सात उंच पाखांपैकी तीनच आता उरली आहेत. उरलेल्या वेळात बाजार: कोकम, चोरिस, सुके बांगडे. सुक्या मासळीत पेणकराने फार रमू नये, घरी त्याहून बरी मिळते. पदेराकडची, म्हणजे पाववाल्याकडची, पोई मात्र मिळाली तर घ्यावी. रात्रीपर्यंत चांगली राहते.

दीड तास कोणाला पुरणार? ज्याला खरोखर गाव पाहायचे आहे, त्याने रात्रीची कोकणकन्या धरावी. मध्यरात्रीनंतर पनवेलला चढायचे, सकाळी मडगावला उतरायचे आणि संध्याकाळी तीच परत पकडायची. दोन रात्री गाडीत जातात, पण मधला अख्खा दिवस हाती लागतो. बरोबर पेणचे पोहे-पापड असू द्यावेत. मांडवी एक्स्प्रेसची गोष्ट वेगळी. तिच्या खानपानाची कीर्ती एवढी की काही जण जेवायलाच तिच्यात बसतात. मात्र ती दिवसा जाते, त्यामुळे मुक्काम करावाच लागतो.

स्वतःची मोटार घेऊन जायची हौस असेल तर त्याचीही सोय झाली आहे, आणि ती रोह्याच्या पुढच्याच स्टेशनातून. कोलाड ते वेर्णे रो-रो सेवेत १९९९पासून मालवाहू ट्रक रेल्वेवर चढवून नेतात. ऑगस्ट २०२५मध्ये गणेशोत्सवासाठी मोटारींनाही ती खुली केली. तेव्हा एका खेपेला चाळीस मोटारी, प्रत्येकीचे भाडे ७,८७५ रुपये होते. संध्याकाळी पाचला कोलाड, पहाटे पाचला वेर्णे, आणि तिथून मडगाव अगदी जवळ. त्याच बारा तासांत, वंदे भारतने गेलात तर, मडगाव पाहून चिपळूणपर्यंत परत येता.

पावसाळी वेळापत्रकात वंदे भारत आठवड्यातून तीनच दिवस जाते आणि त्याच दिवशी परत येत नाही. त्यामुळे एका दिवसाचा हा बेत दिवाळीनंतरचा. आरक्षण साठ दिवस आधी उघडते. जाण्या-येण्याची तिकिटे एकाच वेळी काढावीत. नाताळच्या आठवड्यात तर परतीचे आधी काढावे आणि ते मिळाले तरच जाण्याचे.