माझ्या रंगाची डबी

गेल्या मे महिन्यात मावसबहिणीच्या लग्नात माझा चेहरा राखाडी दिसत होता. अल्बम आला तेव्हा घरातल्या सगळ्यांनी एकमताने हे मान्य केलं. मान सावळी, हात सावळे आणि चेहरा मात्र सिमेंटच्या पोत्यात बुडवून काढल्यासारखा. पार्लरमधल्या ताईंकडे फाउंडेशनच्या चारच बाटल्या होत्या. त्यातली सगळ्यात गडद त्यांनी काढली, माझ्या मनगटावर लावून बघितली आणि "थोडं उजळच दिसू दे की, लग्न आहे" म्हणत चेहऱ्यावर थापली. आईलाही ते आवडलं. कॅमेऱ्याचा फ्लॅश पडल्यावर काय होणार, हे तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही.

तुमच्यापैकी ज्या सावळ्या आहेत, त्यांना हा सीन नवीन नसेल. दुकानात काउंटरवर आयव्हरी, शेल, बेज, सँड अशी रांग लागलेली असते आणि टोकाला एखादी आपल्यासारखी शेड असते. ती मागितली की "संपलीये, मागवावी लागेल" हे उत्तर ठरलेलं. गायिका रिहानाने 2017 मध्ये फेंटी ब्यूटी आणलं तेव्हा फाउंडेशनच्या एकदम 40 शेड्स काढल्या आणि त्यानंतर इतर कंपन्यांनाही आपल्या रांगा लांबवाव्या लागल्या. आपल्याकडे 2020 मध्ये 'फेअर अँड लव्हली'चं 'ग्लो अँड लव्हली' झालं. सगळं छान आहे. पण चाळीस शेड्सवाल्या बाटल्यांची किंमत कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलीला झेपत नाही आणि झेपतात त्या बाटल्यांमध्ये अजूनही चारच रंग.

म्हणून मी घरीच फाउंडेशन करायचं ठरवलं. "स्वयंपाकघरातल्या फक्त तीन वस्तू" असं सांगणारे रील्स तुम्हीही पाहिले असतील. आरारूट, कोको पावडर, दालचिनी. चाळा, हलवा, लावा. इतकं सोपं असेल तर कंपन्या कशाला हव्यात, असं मला अगदी मनापासून वाटलं.

पहिला प्रयोग मुंग्यांनी संपवला. रूमवर कोको पावडर नव्हती, म्हणून मी रूममेटच्या डब्यातलं ड्रिंकिंग चॉकलेट घेतलं. त्यात साखर असते, हे पिताना माहीत होतं, चेहऱ्याला लावताना विसरले. दुपारपर्यंत गाल चिकट झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डबीभोवती मुंग्यांची वारी. तेव्हा कोको घ्यायची तर बिनसाखरेची. पुडीच्या मागे घटकांत कोकोशिवाय दुसरं काहीही नको.

दुसरा प्रयोग मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. रंगात थोडी तांबूस छटा हवी म्हणून मी अर्धा चमचा दालचिनीची पूड घातली. अर्ध्या तासात गाल चुरचुरायला लागले, तोंड धुतलं तरी आग थांबेना आणि पुढचे तीन दिवस मी ओढणी बांधून लेक्चरला बसले. दालचिनीत सिनामाल्डिहाइड नावाचा घटक असतो. दालचिनीचा वास आणि तिखटपणा त्याचाच, आणि त्वचेला ॲलर्जी करणाऱ्या नेहमीच्या पदार्थांच्या यादीतही तो आहे. आपण दालचिनी खातो, म्हणून ती गालाला चालेल असं नसतं. मिरचीही आपण खातोच की.

लिंबाचंही तेच. "लिंबाचा रस लावा, डाग जातील" हे आपण शाळेपासून ऐकतोय. लिंबाच्या रसात आणि त्याहून जास्त सालीच्या तेलात असे घटक असतात की ते त्वचेवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखी जखम होऊ शकते आणि मग काळे डाग पडतात. ते महिनोन्महिने जात नाहीत. डाग घालवायला गेलेली पोरगी डाग घेऊन येते.

तिसऱ्या वेळी मी शहाणी झाले होते. आरारूट, बिनसाखरेची कोको आणि तेही आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून, दोन दिवस थांबून. काही झालं नाही, मग चेहऱ्यावर. प्रमाण विचाराल तर मला चार चमचे आरारूटला दोन चमचे कोको लागली. तुम्हाला कमीजास्त लागेल. एकदम ओतू नका, चिमटीने वाढवत जा आणि जुन्या मलमलच्या तुकड्यातून दोनदा तरी गाळा, नाहीतर गालावर तपकिरी ठिपके दिसतात. (दुकानात 'आरारूट' म्हणून मिळतं ते बरेचदा मक्याचं नाहीतर टॅपिओकाचं पीठ असतं. या कामाला तेही चालतं.) शेड बघायची ती मनगटावर नाही, जबड्याच्या कडेला, मानेजवळ आणि खिडकीत उभं राहून. ट्यूबलाइटखाली सगळंच बरं दिसतं.

आरशात बघितलं तर पहिल्यांदाच मान आणि चेहरा एकाच मुलीचे वाटत होते. पाच मिनिटं मी नुसती बघत बसले.

पण ते झाकत का नाही?

आनंद दुपारपर्यंत टिकला. कपाळाला तेल सुटलं तसं फाउंडेशन जणू विरघळून गेलं. पिंपलचे डाग तर सकाळीही जसेच्या तसे दिसत होते. काय चुकलं ते शोधायला मी आमच्या कॉलेजच्या केमिस्ट्रीवाल्या मैत्रिणींना पिडलं, लायब्ररीत बसले, आणि या सगळ्या उद्योगातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट तिथे सापडली.

एखादी पावडर त्वचा झाकते का, हे ती प्रकाशाला किती वळवते यावर ठरतं. ते मोजायच्या आकड्याला अपवर्तनांक म्हणतात, बारावीत आपण तो पाठ केलेला असतो. पिठाचा हा आकडा साधारण 1.5, आणि तेलाचाही जवळपास तेवढाच. म्हणून कोरडं पीठ पांढरं दिसतं, पण तेलात भिजलं की पारदर्शक होतं. तेलकट बोट कागदावर टेकवलं की कागद आरपार दिसायला लागतो, अगदी तसंच. बाजारातल्या फाउंडेशनमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड असतं, त्याचा आकडा 2.5 च्या पुढे. ते तेलातही पांढरंच राहतं, म्हणून झाकतं. पिवळा, लाल आणि काळा रंग येतो तो आयर्न ऑक्साइडमधून, म्हणजे एका अर्थी गंजाच्या नातेवाइकांकडून. जगातल्या बहुतेक सगळ्या फाउंडेशन शेड्स याच चार रंगांच्या कमीजास्त मिश्रणातून होतात. माझा लग्नातला राखाडी चेहराही तिथेच समजला. माझ्यासाठी पांढरं जास्त होतं, पिवळं आणि लाल कमी, आणि त्या पांढऱ्याने फ्लॅशचा सगळा उजेड परत फेकला.

मग आयर्न ऑक्साइडच हवं तर गेरू का नको? हा प्रश्न मलाही पडला होता. कुंड्यांना लावतो तो गेरू म्हणजे आयर्न ऑक्साइड मिसळलेली मातीच. पण तो कुंडीसाठी विकलेला असतो. त्यात शिसं किंवा आर्सेनिक आहे का, हे कुणी तपासलेलं नसतं. साबण बनवणाऱ्यांना कच्चा माल विकणाऱ्यांकडे कॉस्मेटिक ग्रेडचं आयर्न ऑक्साइड छोट्या पुड्यांत मिळतं, ते घ्या. ते 'नॅचरल' नसतं, कारखान्यात बनवलेलं असतं, आणि नेमकं म्हणूनच त्यात काय आहे आणि काय नाही हे माहीत असतं. या वाक्यावर माझी रूममेट अजून नाराज आहे.

आजीची फणेरपेटी

दिवाळीच्या सुट्टीत पंढरपूरला आजीकडे गेले. पावडर टिकत नाही हे रडगाणं तिच्याही कानावर घातलं. तिने माळ्यावरून फणेरपेटी काढायला लावली. लाकडी पेटी, झाकणाला आतून आरसा, खाली कप्पे. एकात फणी, एकात कुंकवाचा करंडा, एकात मेणाची डबी.

"अगं, कुंकू नुसतं टेकवलं तर तासाभरात नाकावर येतंय. आधी मेणाचं बोट लावायचं, मग कुंकू," ती म्हणाली.

मी फाउंडेशनसाठी इंटरनेट पालथं घातलं आणि उत्तर आजीच्या कपाळावर होतं. रंग धरून ठेवायला खाली काहीतरी चिकट, पाण्याला दाद न देणारं हवं. लिपस्टिक काय आणि स्टिक फाउंडेशन काय, मूळ सूत्र हेच: मेण, तेल आणि रंग.

आजीच्याच स्वयंपाकघरात आम्ही केलं. मधमाश्यांचं मेण एक भाग, तेल तीन भाग. पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यावर वाटी, थेट गॅसवर नाही. खोबरेल 24-25 अंशांनाच वितळतं, म्हणजे पंढरपूरच्या उन्हात ते कायम पातळच. मेण मात्र 62 अंशांच्या पुढे. मेण जास्त तर मलम घट्ट, तेल जास्त तर मऊ. थंडीत एकास चार केलं तरी चालेल. (खोबरेलाने पिंपल्स येणाऱ्यांनी दुसरं तेल घ्या. मी बदामतेल घेतलं.) त्यात माझी पावडर ढवळली आणि ती बघता बघता दोन शेड गडद झाली! पीठ तेलात पारदर्शक झालं आणि कोकोचा रंग एकटाच उरला. पुस्तकातलं वाक्य वाटीत घडताना बघितलं. मग कोको निम्मी केली आणि पिठाऐवजी मेडिकलमधून आणलेलं झिंक ऑक्साइड घातलं. कॅलामाइन लोशनमध्ये असतं तेच. ते मोजताना तोंडाला मास्क लावा, ती पूड श्वासात जायला नको. आणि झिंक आहे म्हणून हे सनस्क्रीन झालं, असं अजिबात समजू नका. वाटीत चमच्याने ढवळलेलं झिंक सगळीकडे सारखं पसरत नाही. सनस्क्रीन वेगळं, विकतचं, आणि याच्या आधी.

डाग पूर्ण झाकले गेले? नाही. फिकट झाले. पण ते संध्याकाळपर्यंत टिकलं.

बाकीचे उद्योग थोडक्यात सांगते. बिटाचा लिप बाम फसला. बिटाचा रंग पाण्यात विरघळतो, मेणात नाही, त्यामुळे बाममध्ये लाल थेंब वेगळेच तरंगत राहिले. तेलात उतरतो तो रतनजोतीचा रंग, काष्ठौषधींच्या दुकानात मिळणाऱ्या मुळ्यांचा. काय सुंदर लाल येतो! पण ती ज्या कुळातली, त्या कुळातल्या बऱ्याच वनस्पतींत यकृताला घातक अल्कलॉइड्स असतात, म्हणून मी तो ओठांना लावत नाही, कधीतरी सणाला गालांना लावते. कोरफडीचा गर घालून केलेलं 'लिक्विड फाउंडेशन' आठव्या दिवशी हिरवं झालं. पाणी आलं की बुरशी आणि जिवाणू आलेच. प्रिझर्वेटिव्हला आपण इतक्या शिव्या घालतो, पण त्याचं काम नेमकं हेच अडवण्याचं. पाण्याचं काही केलंच तर त्याच दिवशी वापरून संपवा.

काजळाचा विषय निघाला तेव्हा आजी आणि माझं थोडं वाजलं. एरंडेलाच्या दिव्यावर ताटली धरून काजळी गोळा करायची आणि तुपात कालवायची, असं ती आईसाठी, मावशीसाठी करायची. पण ते तूप, ते बोट, ती काजळी, यातलं काहीच निर्जंतुक नसतं आणि डोळा गालासारखा नसतो. सुरमा तर त्याहून वाईट, कारण बरेचदा तो शिशाच्या खनिजाचा असतो. मी काजळ विकतचंच घेते. आजी म्हणाली, "तुझ्या आईचे डोळे गेले का?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तरी मी काजळ केलं नाही.

रूममेटच्या डोक्यात आता इन्स्टावर डब्या विकायचं आहे. नावसुद्धा ठरलंय. पण स्वतःसाठी करणं वेगळं आणि विकणं वेगळं. विकायला सौंदर्यप्रसाधनं बनवायची तर 2020 च्या कॉस्मेटिक्स रूल्सप्रमाणे परवाना लागतो, हॉस्टेलच्या पँट्रीवर तो मिळत नाही. मी तिला माझी दालचिनीची गोष्ट पुन्हा ऐकवली. माझे गाल माझ्याच मूर्खपणाने भाजले, दुसऱ्या कुणाचे भाजले असते तर?

पंढरपूरहून निघायच्या आदल्या रात्री आईने माझी डबी उघडली. जबड्याला एक बोट लावलं, आरशात बघितलं, मग लग्नाच्या अल्बमचा विषय काढला आणि अर्ध्यात सोडला. "मला पण कर की एक," म्हणाली. ती माझ्यापेक्षा अर्धी शेड उजळ आहे. तिच्या डबीवर मी पेनाने लिहिलं: आई, कोको पाऊण चमचा. उरलेलं मेण आजीने तिच्या डबीत ओतून घेतलं.