घरचा कोला (भाग ६) : ऐंशी कशाचे?

आज आम्लांवर लिहायचं ठरलं होतं. सायट्रिक आम्ल मागे पडून फॉस्फरिक आम्ल कसं पुढे आलं, हा विषय मी गेल्या आठवड्यात कबूल केला होता. तो पुढच्या आठवड्यात घेऊ. सांगलीच्या एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे आणि त्यातले दोन प्रश्न इतके नेमके आहेत की त्यांना थांबवून ठेवणं मला जमणार नाही.

पहिला प्रश्न असा. मार्क पेन्डरग्रास्ट यांनी १९९३ साली आपल्या पुस्तकात छापलेली कोका-कोलाची जुनी कृती आपण तिसऱ्या भागात पूर्ण पाहिली. तिच्यातल्या सुगंधी तेलांपुढे नुसते आकडे आहेत, माप नाही. संत्र्याचं तेल ८०, लेमनचं १२०, दालचिनीचं ४०, जायफळाचं ४०, नेरोलीचं ४०, धण्याचं २० आणि अल्कोहोल एक क्वार्ट. तर हे ऐंशी कशाचे? दुसरा प्रश्न त्यांच्या स्वयंपाकघरातला. त्यांनी मिलिलिटर समजून सगळ्याचा दहावा हिस्सा घेतला, तेलं पाकात घालून बाटली जोरजोरात हलवली, आणि सकाळी पाहतात तर बाटलीच्या गळ्याशी तेलाचं कडं धरलेलं. पुन्हा हलवलं, पुन्हा कडं. असं का?

दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत. आधी ऐंशीचं पाहू.

दुसरी एक कृती शेजारी ठेवली की उलगडा होतो. फेब्रुवारी १९७९ मध्ये अटलांटातल्या वृत्तपत्रात चार्ल्स सॉल्टर यांच्या सदरात एका जुन्या, हाताने लिहिलेल्या औषधवहीच्या पानाचं छायाचित्र आलं होतं. २०११ मध्ये ‘धिस अमेरिकन लाइफ’ या रेडिओ कार्यक्रमाने ते पुन्हा उजेडात आणलं आणि ते जगभर गाजलं. ही आपली कृती नव्हे, असं कोका-कोला कंपनीने तेव्हा सांगितलं. त्या पानावर अल्कोहोल ८ औंस आहे आणि तेलं अशी : संत्रं २०, लेमन ३०, दालचिनी १०, जायफळ १०, नेरोली १०, धणे ५. इथे मात्र माप स्पष्ट लिहिलं आहे : थेंब.

आता भाग देऊन पाहा. एक क्वार्ट म्हणजे ३२ औंस, त्याचा चौथा हिस्सा ८ औंस. ऐंशीचा चौथा हिस्सा वीस, एकशेवीसचा तीस, चाळिसाचा दहा, विसाचा पाच. एकही आकडा सुटत नाही. दोन वेगळ्या वाटांनी आलेले दोन कागद, पण तेलांचा हिशेब एकच. एकाने मूळ कृतीचा चौथा हिस्सा करून उतरवून घेतला असणार. तेव्हा ऐंशी म्हणजे ऐंशी थेंब. मला हा पुरावा कंपनीच्या कोणत्याही खुलाशापेक्षा वजनदार वाटतो, कारण तो गणितातून आलेला आहे.

गणित आणखी एका ठिकाणी जुळतं. पहिल्या कृतीत साखर ३० पौंड, पाणी अडीच गॅलन, लिंबाचा रस एक क्वार्ट. हे माप अमेरिकन आहे. आपल्याकडच्या जुन्या मंडळींच्या डोक्यात साडेचार लिटरचा ब्रिटिश गॅलन पक्का बसलेला असतो, पण अमेरिकन गॅलन ३.७८ लिटरचा. म्हणजे पाणी साधारण साडेनऊ लिटर आणि साखर १३.६ किलो. साखर पाण्यात विरघळली तरी जागा व्यापते, किलोला साधारण ०.६२ लिटर. सगळं मिळून पाक भरतो जवळजवळ १९ लिटर, म्हणजे पाच गॅलन. आणि दुसऱ्या कागदावर सुगंधाचं प्रमाण कशासाठी दिलं आहे? पाच गॅलन पाकासाठी!

पाच गॅलन म्हणजे ६४० औंस. त्या काळी सोडा फाउंटनवर एका ग्लासात एक औंस पाक आणि साडेपाच औंसांच्या आसपास सोडा घालत. म्हणजे एका घाण्यातून ६४० ग्लास. ग्लासाला साखर येते २१ ग्रॅम, १०० मिलिलिटरला ११ ग्रॅम. आजच्या नेहमीच्या कोलाच्या बाटलीवर साखरेचा आकडा पाहा, जवळपास तोच दिसेल. सव्वाशे वर्षांत गोडीचं माप हललेलं नाही, ही मला या सगळ्या विषयातली सर्वांत थक्क करणारी गोष्ट वाटते.

आणि तेल किती? क्वार्टभर अल्कोहोलमध्ये सगळी तेलं मिळून ३४० थेंब. त्यातला फक्त अडीच औंस अर्क पाच गॅलन पाकात जातो. म्हणजे २७ थेंब. ६४० ग्लासांना २७ थेंब, चोवीस ग्लासांमागे एक थेंब! सांगलीच्या बाटलीत यापेक्षा कितीतरी पट जास्त तेल गेलं होतं आणि कडं धरण्याचं अर्धं कारण तेच.

इथे अल्कोहोलचं खरं काम लक्षात येतं. लिटरभर पाकाला दीड थेंबसुद्धा येत नाही. दीड थेंब मोजणार कसा? म्हणून औषधविक्रेता आधी तेलं भरपूर अल्कोहोलमध्ये विरघळवून ठेवतो, चोवीस तास मुरू देतो आणि मग तो पातळ अर्क औंसाने मोजतो. कोका-कोलाच्या या सुगंधी अर्काच्या ‘सेव्हन एक्स’ या नावाभोवती गूढतेचं एवढं वलय आहे, पण मुळात ती सूक्ष्म माप मोठं करण्याची युक्ती आहे. कोका-कोलाचा जनक जॉन पेम्बर्टन पेशाने औषधविक्रेता होता. त्याला आणि त्याच्या माणसांना हे लिहून ठेवायची गरजच नव्हती. जुन्या कृती वाचताना मला सर्वांत जास्त अडतं ते इथे. जे त्या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, ते कागदावर येतच नाही.

थेंबाचंही तसंच. थेंब हे लबाड माप आहे. पाण्याचे एका मिलिलिटरला साधारण वीस थेंब होतात. अल्कोहोलचा पृष्ठताण पाण्याच्या तिसऱ्या हिस्स्याहूनही कमी, त्यामुळे त्याचा थेंब लहान पडतो आणि मिलिलिटरला पन्नासच्या पुढे जातो. सुगंधी तेलं यांच्या मधे कुठेतरी. शिवाय बाटलीचं तोंड रुंद की अरुंद, यावर थेंब बदलतो तो वेगळाच. हा घोळ संपवण्यासाठी लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने १८०९ च्या औषधकोशात थेंबाऐवजी ‘मिनिम’ हे माप आणलं, द्रव ड्रामचा साठावा हिस्सा. अमेरिकन मिनिम ०.०६ मिलिलिटरचा. तरीही वहीत लिहिताना लोक थेंबच लिहीत राहिले.

म्हणून घरी थेंबांचा नाद सोडा आणि भाग धरा. वरच्या आकड्यांना विसाने भागलं की फार सोपं प्रमाण मिळतं : लेमन ६, संत्रं ४, दालचिनी २, जायफळ २, नेरोली २, धणे १. एकूण सतरा भाग. एक भाग म्हणजे ०.२ मिलिलिटर धरला तर सगळं मिळून ३.४ मिलिलिटर, आणि ते एक मिलिलिटरच्या सुईविना सिरिंजने नीट मोजता येतं. प्रत्येक तेलाला वेगळी सिरिंज घ्या. थर्माकोलचा कप मात्र जवळ आणू नका, संत्र्याचं तेल त्याला भोक पाडतं. लेमन म्हणजे पिवळं, जाड सालीचं फळ. आपलं कागदी लिंबू हे अमेरिकन कृतीतलं ‘लाइम’, तेव्हा रस बिनधास्त आपल्या लिंबाचा घ्या, तेल मात्र लेमनचंच.

राहिला कड्याचा प्रश्न. तेल पाण्यात विरघळत नाही, आणि संत्र्याच्या तेलाची घनता ०.८४ च्या आसपास, म्हणून ते वर येतं. गंमत म्हणजे याच यादीतलं दालचिनीचं तेल पाण्यापेक्षा जड आहे, एकटं असलं तर तळाशी जातं. पेम्बर्टनचे २७ थेंब इतके विरळ होते की अल्कोहोलमधून पाकात शिरताना त्यांचे सूक्ष्म कण होऊन ते पसरून राहत असावेत, असं माझं अनुमान आहे. पण एवढ्या थोड्या तेलात आजच्या जिभेला कोला फिका लागतो. मी स्वतः त्याच्या चार-पाच पट सुगंध घालतो. तेवढं घालायचं तर तेलाला पाण्यात धरून ठेवणारं कुणीतरी हवं. ते काम डिंक करतो.

औषधनिर्माणशास्त्राची पदविका करणाऱ्या आपल्याकडच्या मुलांना विचारा, ती लगेच सांगतील. एरंडेलाचं इमल्शन त्यांनी खलात घोटलेलं असतं. प्रमाणही ठरलेलं : साध्या तेलाला चार भाग तेल, दोन भाग पाणी, एक भाग डिंक. उडून जाणाऱ्या सुगंधी तेलांना डिंक जास्त लागतो, म्हणून तिथे दोन, दोन आणि एक. टोरांटोच्या ओपनकोला या कंपनीने २००१ मध्ये आपली कोलाची कृती सर्वांसाठी खुली केली, तिच्यात अल्कोहोलऐवजी डिंकच आहे, आणि तोही तेलांच्या जवळजवळ बरोबरीने. मीही तेवढाच घेतो. ३.४ मिलिलिटर तेलाला साडेतीन ग्रॅम डिंक. गम अरेबिक उत्तम. आपल्याकडचा धावड्याचा डिंकही इमल्शनला चांगला, फक्त लाडवांसाठी आणलेला असेल तर कुटून कापडातून चाळून घ्या.

कृती थोडी, पण क्रम चुकवायचा नाही. खल अगदी कोरडा हवा. त्यात तेलं, त्यावर डिंकाची पूड, आणि दोन्ही हलकं एकजीव. मग साडेतीन मिलिलिटर पाणी सगळं एकदम ओता आणि एकाच दिशेने, न थांबता, भराभर घोटा. दोन-तीन मिनिटांत मिश्रण दुधासारखं पांढरं होतं आणि बत्त्याखाली चटचट आवाज येऊ लागतो. हा आवाज आला की इमल्शन जमलं. त्याआधी आणखी पाणी घातलं तर तेल सुटतं आणि मग ते काही केल्या परत मिसळत नाही. आवाजानंतर चमचा-चमचा पाणी घालत १०० मिलिलिटर करा. लिटरभर पाकाला यातले आठ-दहा मिलिलिटर पुरेत. उरलेलं फ्रिजमध्ये ठेवा, आठवड्याभरात वापरा.

मोठे कारखाने कडं टाळण्यासाठी आणखी एक उपाय करत : तेलात जड पदार्थ मिसळून त्याची घनता पेयाच्या जवळ आणायची. लिंबूवर्गीय पेयांत त्यासाठी ब्रोमिनयुक्त वनस्पती तेल वापरत. अमेरिकेने त्याला २०२४ मध्ये कायमचं हद्दपार केलं. घरी याची काही गरज नाही. थोडं कडं दिसलंच तर ओतण्याआधी बाटली हलकेच उलटीसुलटी करा.

चार गोष्टी कळकळीने सांगतो. तेलं खाद्य दर्जाचीच घ्या, अगरबत्ती-अत्तराच्या दुकानातली नकोत. दालचिनीचं तेल नुसतं त्वचेला लागलं तरी भाजतं, लहान मुलांना त्यापासून दूर ठेवा. सर्जिकल स्पिरिट किंवा सॅनिटायझर हे अल्कोहोलला पर्याय नव्हेत, ते विष आहे. आणि कृतीतला कोकाच्या पानांचा अर्क पूर्ण गाळायचा, आपल्याकडे तो कायद्याने बंद आहे. नेरोली फार महाग पडते. तिच्याशिवायही कोला होतो, पण वास जरा आखूड राहतो, हे मान्य करावं लागेल.

पुढच्या आठवड्यात आम्लं नक्की. तोवर एक विनंती. तुमच्या घरी आजोबा-पणजोबांचा सोडावॉटरचा कारखाना किंवा औषधाचं दुकान असेल आणि त्यांच्या हाताने लिहिलेली पाकांची, सुगंधांची वही कपाटात पडून असेल, तर तिच्या पानांची छायाचित्रं मला पाठवा. माप लिहिलेलं नसलं तरी चालेल.