अडचणीच्या जागी स्विमबेट कसं ओवायचं

मागच्या भागात मऊ प्लास्टिकच्या स्विमबेटचे आकार पाहिले. त्यावर तुमच्याकडून सगळ्यात जास्त आलेला प्रश्न असा, की तळाशी ओढलं की हे आमिष खोडात, शेवाळात अडकतं आणि शेवटी दोरी तोडावी लागते. करायचं काय?

हा धडा मी टेक्सासमधल्या लेक फोर्कवर शिकलो, बरीच आमिषं घालवून. हा धरणाचा तलाव. १९८० मध्ये पाणी अडवलं तेव्हा खूपशी झाडं न तोडता तशीच बुडू दिली. बासला हेच हवं असतं. तो भक्ष्यामागे लांब पळत नाही, खोडाच्या सावलीत दबा धरून बसतो. १९९२ मध्ये इथेच १८.१८ पौंडांचा, म्हणजे जवळपास सव्वाआठ किलोचा बास लागला. टेक्सासचा विक्रम तोच. तेव्हा मासा हवा तर आमिष अडचणीतच न्यायला लागतं.

पहिल्या दिवशी मी जिगहेड लावलं होतं. शिशाचं डोकं आणि पाठीवर उघडा गळ. वाळूच्या तळावर उत्तम, पण तिथे तासाभरात चार गेली. पाचव्याला मासा लागला आणि पहिल्याच हिसक्याला दोरी तुटली. आधीच्या ओढाताणीत ती खरवडली होती, मी बोटाने तपासलीही नव्हती. आमिषाचं काही नाही हो, पण तो मासा तोंडात गळ आणि मागे दोरी घेऊन झाडांत गेला, ते दिवसभर डोक्यातून जाईना.

उपाय म्हणजे गळाचं टोक प्लास्टिकमध्येच लपवायचं. यासाठी रुंद पोटाचा, डोळ्याजवळ दुमडलेला गळ मिळतो. त्याचं टोक स्विमबेटच्या नाकात अगदी मध्यभागी खुपसा, अर्धा सेंटिमीटर आत नेऊन हनुवटीखालून बाहेर काढा. डोळ्याजवळचा दुमडलेला भाग नाकात बसेपर्यंत ओढा आणि गळ फिरवा. आता घाई नको. गळ अंगाच्या बाजूला धरून बघा, वाक कुठे येतो. तिथे नखाने खूण करा, पोटातून टोक घालून पाठीवर सरळ बाहेर काढा. मग पाठीची साल जराशी पुढे ढकलून टोक तिच्याखाली टेकवा.

अंग एका रेषेत हवं. कुठे फुगलं किंवा वाकडं झालं, तर पाण्यात ते भिंगरीसारखं फिरतं, दोरीला पीळ पडतो आणि बास ढुंकून बघत नाही. मी अजूनही दर दोन-तीन वेळा काढून पुन्हा ओवतो, त्यात लाज नाही. आणि गळ फार मागे गेला तर शेपटी हलत नाही. ती हललीच नाही तर स्विमबेट कशाला?

वजन कुठे, हेही महत्त्वाचं. गळाच्या दांडीवर पोटाखाली शिसं असेल तर आमिष आडवं, माशासारखं बुडतं. शेवाळावरून न्यायला हे छान. दाट फांद्यांत मात्र दोरीत ओवलेलं, बंदुकीच्या गोळीसारखं टोकदार शिसं नाकापुढे हवं. ते मागेपुढे सरकू नये म्हणून दात कोरायच्या काडीचा तुकडा खुपसतात. खडकात गळ लपवूनही भागत नाही, कारण तिथे कपारीत शिसंच अडकतं. वजन कमी करा, बस्स.

मासा लागला की लगेच झटका देऊ नका. टोक प्लास्टिक फाडून बाहेर यायचं असतं. सैल दोरी गुंडाळा, वजन जाणवू द्या, मग रॉड जोरात मागे ओढा.

आपल्याकडे हीच जोडणी मी खाडीत जिताड्यासाठी वापरतो. कोलकात्याच्या मंडळींची भेटकी, केरळातल्यांची काळांजी, ती हीच. तोही खारफुटीच्या मुळांशी असाच दबा धरतो. पण त्याच्या कल्ल्याची कड पात्यासारखी असते, म्हणून पुढे हातभर जाड दोरी बांधा. आणि गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका. दोरी तुटून मासा गेलाच, तर गळ तोंडातून लवकर गळून पडण्याची शक्यता वाढते.