तिरप्या उजेडाचा दिवा

गावाच्या वेशीजवळ, जुन्या देवळाच्या आवारात किंवा एखाद्या पिंपळाच्या पाराला टेकवून ठेवलेला कोरीव दगड तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. कोठे तो वीरगळ असतो, तर कोठे एखाद्या दानाची नोंद असलेला शिलालेख. शेकडो वर्षे ऊन, वारा व पाऊस सोसून त्यावरील अक्षरे इतकी झिजलेली असतात की, ढगाळ दिवशी अथवा ऊन समोरून पडत असताना त्याच्यापुढे कितीही वेळ उभे राहिले, तरी खडबडीत दगडापलीकडे काही दिसत नाही. त्याच दगडापाशी दुसऱ्या वेळी, सूर्याचे किरण त्याच्या अंगावरून घसरत जात असताना जावे. तेव्हा प्रत्येक खाचेच्या एका काठावर उजेड पडतो, दुसऱ्या बाजूस सावली दाटते आणि एकेक अक्षर जणू दगडातून वर येते. अक्षरे आधीही तेथेच होती. त्यांना सावली मात्र नव्हती.

ही गोष्ट वाटते तितकी किरकोळ नाही. रायगड जिल्ह्यात अलिबागजवळ अक्षी येथे एक शिलालेख आहे. डॉ. शं. गो. तुळपुळे यांच्या वाचनानुसार तो शके ९३४चा, म्हणजे इ. स. १०१२चा आहे. हे वाचन मान्य केले, तर तो अतिशय जुन्या मराठी लेखांपैकी एक ठरतो. परंतु त्यावरील शकाच्या अंकांविषयी विद्वानांत मतभेद आहेत. झिजलेल्या दोनतीन अंकांवर आपल्या भाषेच्या इतिहासातील एक महत्त्वाचे वर्ष अवलंबून आहे! दगड तर दरवर्षी थोडाथोडा झिजतच असतो. म्हणून आज त्याचे जे छायाचित्र घ्यावयाचे, ते अक्षरे दाखविणारे असले पाहिजे.

परंतु सूर्य काही आपल्या सोयीने फिरत नाही. दगड उत्तरेकडे तोंड करून बसविलेला असेल किंवा देवळाच्या सभामंडपात असेल, तर त्याच्यावर हवे तसे ऊन क्वचितच पडते. अशा वेळी हातात धरून हव्या त्या बाजूने टाकता येईल असा उजेड आपल्यापाशी असावा लागतो. छायाचित्रकार ज्याला फ्लॅश म्हणतात, तो दिवा या कामी फार उपयोगी पडतो.

क्षणभर लख्ख पडणारा हा उजेड प्रथम मॅग्नेशियमच्या भुकटीपासून मिळवीत. १८८७मध्ये जर्मनीत आडोल्फ मीते व योहानेस गेडिके यांनी मॅग्नेशियममध्ये दुसरी द्रव्ये मिसळून झटकन पेट घेणारी भुकटी तयार केली. तिच्या साहाय्याने जेकब रीस नावाच्या पत्रकाराने न्यूयॉर्कमधील गरिबांच्या अंधाऱ्या खोल्यांची छायाचित्रे घेतली आणि १८९०मध्ये ती पुस्तकातून जगापुढे मांडली. या भुकटीचा भडका मोठा, धूर त्याहून मोठा आणि भाजण्याचे भय तर नेहमीचेच. पुढे १९२९च्या सुमारास काचेच्या बंद गोळ्यात जळणारा दिवा निघाला. पण तो एकदा जळला की फेकून द्यावा लागे. अमेरिकेत हॅरल्ड एजर्टन यांनी १९३०नंतरच्या दशकात वायूने भरलेल्या नळीतून विजेचा झोत सोडून पुन्हा पुन्हा लखलखणारा दिवा उपयोगात आणला. आजचा फ्लॅश त्याच वंशातील आहे.

त्याची रचना समजून घेतली, म्हणजे निवड करणे सोपे जाते. फ्लॅशमधील सेलांची वीज लहान दाबाची असते. आतील मंडल तिचा दाब सुमारे तीनशे व्होल्टपर्यंत वाढविते आणि ती धारित्र नावाच्या भागात साठविते. विहिरीवरून एकेक घागर आणून हौद भरावा, तसे हे असते. आपण कळ दाबली की सगळा हौद एकदम मोकळा होतो. झेनॉन वायूने भरलेल्या काचेच्या नळीतून वीज धावते आणि सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी वेळ डोळे दिपविणारा पांढरा प्रकाश पडतो. मग हौद पुन्हा भरेपर्यंत थांबावे लागते. येथेच एक इशारा देऊन ठेवतो. फ्लॅश बंद केला तरी धारित्रातील वीज पुष्कळ वेळ टिकून राहते. बिघडलेला फ्लॅश उघडून पाहण्याचा मोह कोणीही करू नये. तो धक्का जिवावर बेतू शकतो.

आता कोणी म्हणेल की, पुष्कळ कॅमेऱ्यांत फ्लॅश मुळातच बसविलेला असतो, मग वेगळा कशाला? त्याचे उत्तर दगडच देतो. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश जेथून पाहतो तेथूनच उजेड टाकतो. त्यामुळे खाचेच्या तळापर्यंत उजेड पोहोचतो आणि सावली पडली तरी ती कॅमेऱ्याला दिसत नाही. अशा चित्रात दगड स्वच्छ दिसतो, पण लेख नाहीसा होतो! म्हणून कॅमेरा दगडासमोर आणि दिवा बाजूला, अशी मांडणी करावी लागते. मात्र कॅमेऱ्याची कळ दाबताच दूर ठेवलेला फ्लॅशही त्याच क्षणी पेटला पाहिजे. पूर्वी यासाठी दोहोंमध्ये तार जोडीत. तार अपुरी पडे, पायात अडके आणि कधी कधी तिच्याबरोबर कॅमेराही खाली येई. आता तारेवाचून हा निरोप पोचविता येतो.

हा निरोप पाठविण्याचे मार्ग मात्र सारखे नाहीत. काही फ्लॅश दुसऱ्या फ्लॅशचा उजेड दिसताच स्वतः पेटतात. ही युक्ती स्वस्त आहे. परंतु भर उन्हात त्यांना तो उजेड नीट ओळखता येत नाही आणि शेजारच्या पर्यटकाने चित्र घेतले तरी आपला फ्लॅश उगाच पेटून जातो. अवरक्त किरणांनी निरोप पाठविणाऱ्या दिव्यांचीही उन्हात व खांबाआड अशीच अडचण होते. रेडिओलहरी खांबाला वळसा घालून जातात आणि त्यांना उन्हाची बाधा होत नाही. म्हणून शाळेच्या इतिहास मंडळाला एकच फ्लॅश घ्यावयाचा असेल, तर रेडिओचा ग्राहक ज्याच्या पोटातच बसविलेला आहे असा घ्यावा, असे माझे मत आहे. कॅमेऱ्यावर बसवावयाचा प्रेषक, ज्याला दुकानदार ट्रिगर म्हणतात, तो त्याच मालिकेतला असावा. दोन निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे पुष्कळदा एकमेकांची भाषा जाणत नाहीत. आपल्या कॅमेऱ्याच्या माथ्यावरील खाचेत तो ट्रिगर बसतो ना आणि कळ दाबताच फ्लॅश पेटतो ना, हे दुकानातच पाहून घ्यावे. कोणी घरातला फार जुना फ्लॅश आणून दिला, तर तो नव्या कॅमेऱ्यावर थेट चढवू नये. काही जुन्या फ्लॅशांच्या पायाशी असलेल्या धातूच्या ठिपक्यावर दोनशे व्होल्टांहूनही अधिक दाब येतो आणि त्याने कॅमेरा जळू शकतो.

दुकानदार सर्वांत आधी फ्लॅशचा गाईड नंबर सांगतो. हा अंक म्हणजे फ्लॅशच्या जोराचे माप होय. वस्तूचे मीटरांतील अंतर आणि कॅमेऱ्याच्या छिद्राचा एफ-अंक यांचा गुणाकार गाईड नंबराइतका आला, म्हणजे चित्राला पुरेसा उजेड मिळतो. 'साठ' हा अंक ऐकून आपण दिपून जातो; पण हे माप बहुधा झोत अगदी अरुंद केलेला असताना घेतलेले असते. झोत रुंद केला की अंक बराच खाली येतो. तेव्हा हा अंक कोणत्या स्थितीतला आहे, हे विचारावे आणि आपल्या कामाला किती जोर लागतो त्याचा हिशेब स्वतः करावा.

समजा, दगड एक मीटर रुंद आहे. फ्लॅश त्याच्या डाव्या कडेपासून अर्ध्या मीटरवर ठेवला, तर उजवी कड त्याच्यापासून दीड मीटर, म्हणजे तिप्पट दूर पडते. अंतर तिप्पट झाले की उजेड नवव्या हिश्शाएवढा उरतो. डावीकडची अक्षरे पांढरीफटक आणि उजवीकडची काळोखात, असे ते चित्र होईल. तोच फ्लॅश मागे नेऊन डाव्या कडेपासून तीन मीटरांवर ठेवला, तर उजवी कड चार मीटरांवर येते आणि दोन्ही टोकांच्या उजेडातील फरक पावणेदोन पटींच्या आसपास राहतो. एवढा फरक चालतो. तेव्हा दिवा दूर न्यावा, हे ठरले. दगडाचा मध्य साडेतीन मीटरांवर आणि छिद्र एफ ८ असेल, तर गुणाकार अठ्ठावीस होतो. परंतु दगडाशी पंधरा अंशांचा कोन करून घसरत येणारा उजेड त्याच्या पृष्ठभागावर पसरून जातो आणि समोरून पडणाऱ्या उजेडाच्या जेमतेम चौथ्या हिश्शाइतकाच प्रभावी ठरतो. तो भरून काढण्यास गाईड नंबर दुप्पट, म्हणजे छप्पन लागतो. साठ अंकाचा मोठा फ्लॅशही येथे कसाबसा पुरेल! पण गाईड नंबर सामान्यतः आयएसओ १०० या संवेदनक्षमतेसाठी सांगतात. कॅमेऱ्यावर ती ४०० केली, की पुन्हा अठ्ठावीस-तीस अंकाचा मध्यम फ्लॅश पुरेसा होतो. म्हणजे अधिक पैसे मोजण्याआधी कॅमेऱ्यावरची एक चकती फिरवून पाहावी.

ऊन असेल तर मात्र हा हिशेब बिघडतो. फ्लॅशबरोबर कॅमेऱ्याचा पडदा सामान्यतः सेकंदाच्या दोनशेव्या किंवा अडीचशेव्या भागाहून अधिक वेगाने चालविता येत नाही. तेवढ्या वेळात उन्हाचा उजेड इतका शिरतो की, आपली तिरपी सावली फिकी पडते. यावर महागड्या फ्लॅशपेक्षा मोठी काळी छत्री अधिक उपयोगी पडते. एकाने ती दगडावर धरावी. किंवा सरळ दिवेलागणीच्या वेळी जावे.

जोर कमीजास्त करण्याची सोय हाताची असावी. पूर्ण, अर्धा, पाव, अष्टमांश, याप्रमाणे खाली उतरत जाणाऱ्या पायऱ्या फ्लॅशवर असतात. आपोआप जोर ठरविणारे फ्लॅश लग्नसमारंभात सोयीचे. परंतु एकाच दगडाची आठ बाजूंनी उजेड टाकून आठ चित्रे घेताना प्रत्येक वेळी उजेड तेवढाच हवा. तो यंत्राच्या लहरीवर सोडला, तर चित्रांची तुलना करता येत नाही.

राहिला सेलांचा प्रश्न. काही फ्लॅशांना चार साधे पेन्सिल सेल लागतात, तर काहींना स्वतंत्र लिथियमची बॅटरी. लिथियमचा हौद लवकर भरतो, यात शंका नाही. पण खेड्यात ती संपली तर दुसरी आणावयाची कोठून? पेन्सिल सेल किराणा मालाच्या दुकानातही मिळतात. दगड काही पळून जात नाही. दोन चित्रांच्या मध्ये पाच सेकंद थांबण्यास आपली हरकत नसावी. म्हणून पुन्हा भारता येणाऱ्या निकेल सेलांचे दोन संच जवळ बाळगणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

जाण्यापूर्वी गावकऱ्यांची व देवळाच्या व्यवस्थापकांची परवानगी घ्यावी. रंगीत चित्रे असलेल्या जागी तर विशेष जपावे. अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅश वापरण्यास बंदी आहे, ती त्या चित्रांच्या रक्षणासाठीच. झिजलेली अक्षरे उठून दिसावीत म्हणून त्यांत खडू किंवा पीठ भरण्याची काही लोकांना सवय असते. त्याने दगडाला अपाय होतो आणि भरणाऱ्याला जे अक्षर वाटले, तेच पुढच्या सर्वांना दिसू लागते.

दगडापाशी पोहोचल्यावर कॅमेरा तिकाटण्यावर घट्ट बसवावा आणि मग हलवू नये. एकाने फ्लॅश घेऊन दगडाच्या डावीकडे उभे राहावे. फ्लॅशचे तोंड कोणाच्याही डोळ्यांकडे नसावे. पहिले चित्र पाहिले की कान्यांच्या उभ्या रेघा स्पष्ट दिसतील, पण शिरोरेषा हरवलेल्या असतील. उजेड ज्या रेघेच्या दिशेने धावतो, तिच्यात सावली पडत नाही. फ्लॅश दगडाच्या माथ्यावर धरला, तर शिरोरेषा दिसू लागतील आणि काने पुसट होतील. म्हणून डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून आणि चारही कोपऱ्यांतून एकेक चित्र घ्यावे, आणि कोणते चित्र कोणत्या बाजूच्या उजेडात घेतले, ते तेथेच वहीत टिपून ठेवावे. घरी आल्यावर ती शेजारी शेजारी मांडली, तर एका चित्रातला काना आणि दुसऱ्यातली मात्रा मिळून एखादे अक्षर जुळून येते.