टाय कॉब आणि न सापडलेलं प्रेत

गेल्या दिवाळीत डेट्रॉइटजवळ राहणारा माझा भाचा घरी आला होता. फराळ करता करता बेसबॉलचा विषय निघाला आणि मी टाय कॉबचं नाव घेतलं. त्याने हातातली चकली ताटलीत ठेवली. "मामा, तो तर खुनी होता. तिकडे सगळ्यांना माहीत आहे."

हे मी पहिल्यांदा ऐकत नव्हतो. क्विझवाल्यांकडून ऐकलंय, सिनेमावेड्यांकडून ऐकलंय, एका सभ्य, निवृत्त क्रीडाशिक्षकांकडूनही ऐकलंय. दर वेळी मी विचारतो, कुणाचा खून? मेलेल्याचं नाव काय? प्रेत कुठे सापडलं? यावर उत्तर एकच मिळतं, की सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा आता एकदा नीट लिहूनच टाकतो.

कॉब कोण हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: टायरस रेमंड कॉब, जन्म १८ डिसेंबर १८८६, जॉर्जिया राज्यातला. १९०५ ते १९२६ डेट्रॉइट टायगर्सकडून खेळला, त्यातली शेवटची सहा वर्षं संघाचा मॅनेजरही होता, आणि नंतर दोन हंगाम फिलाडेल्फिया ॲथलेटिक्सकडे. कारकिर्दीतली बॅटिंगची सरासरी ०.३६६. क्रिकेटच्या सरासरीशी याची गल्लत करू नका. इथे हिशेब असा, की हजार वेळा बॅटिंगला उभं राहिलं तर त्यातल्या ३६६ वेळा चेंडू मारून बेस गाठला. हजारात तीनशे जमले तरी माणूस उत्तम फलंदाज म्हणून मिरवतो. १९३६ मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमसाठी पहिलं मतदान झालं, तेव्हा कॉबला २२६ पैकी २२२ मतं पडली. सुप्रसिद्ध बेब रूथला २१५. मतं देणारे पत्रकार होते, आणि त्यांच्यातल्या कित्येकांनी दोघांनाही मैदानावर डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

आता त्या खुनाकडे वळू.

ऑगस्ट १९१२. कॉब बायकोला घेऊन मोटारीने डेट्रॉइटच्या रेल्वे स्टेशनकडे निघाला होता. संघाला प्रदर्शनीय सामन्यासाठी सिरॅक्यूजला जायचं होतं. वाटेत तिघांनी गाडी अडवली, झटापट झाली, कॉबला चाकू लागला. इथपर्यंत खरं आहे, त्या वेळच्या वर्तमानपत्रांत हे छापून आलेलं आहे. दुसऱ्या दिवशी ती जखम घेऊन तो सिरॅक्यूजला खेळलाही. प्रकरण तिथे संपलं, आणि जवळपास पन्नास वर्षं संपलेलंच राहिलं.

१७ जुलै १९६१ रोजी अटलांटातल्या एका रुग्णालयात कॉब वारला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये 'ट्रू' नावाच्या मासिकात ॲल स्टम्प या लेखकाचा लांबलचक लेख आला. कॉबच्या आत्मचरित्राचं शब्दांकन याच स्टम्पने केलं होतं. लेखात आयुष्याच्या अखेरचा कॉब रंगवला होता: दारूडा, पिस्तूल बाळगणारा, जगावर दात खाणारा. आणि त्यातच होता तो कबुलीजबाब. म्हणे, त्या तिघांपैकी एकाला कॉबने गल्लीत गाठलं, पिस्तुलाने त्याचा चेहरा ओळखू येऊ नये इतका ठेचला आणि श्वास थांबलेल्या अवस्थेत त्याला तिथेच टाकून तो निघून गेला.

गंमत पाहा. सांगणारा एकच, तो मेलेला. ऐकणारा एकच, आणि लेखाचे पैसे घेणाराही तोच.

पुढे डग रॉबर्ट्स नावाच्या एका माजी सरकारी वकिलाने वकिली शिस्तीने हा दावा तपासला. त्याने डेट्रॉइटच्या त्या दिवसांतल्या शवविच्छेदनाच्या नोंदी चाळल्या. या वर्णनाशी जुळणारं एकही प्रेत त्यात नाही. त्याचा लेख १९९६ साली अमेरिकन बेसबॉल इतिहासकारांच्या 'द नॅशनल पास्टाइम' या नियतकालिकात आला. जरा विचार करा: चेहऱ्याचा चेंदामेंदा झालेला माणूस भर शहरातल्या गल्लीत मरून पडतो आणि पोलीस, डॉक्टर, वार्ताहर यांच्यापैकी कुणालाच दिसत नाही. वर हे सगळं अशा खेळाडूच्या बाबतीत, ज्याच्या साध्या चाकूच्या जखमेचीसुद्धा बातमी झाली होती!

बरं, स्टम्पचा शब्द प्रमाण मानावा इतका तो माणूस भरवशाचा होता का? हॉल ऑफ फेमच्या संग्रहात कॉबची म्हणून एक रोजनिशी होती, १९४६ सालची. ती स्टम्पकडून बाहेर आलेली, आणि तपासाअंती बनावट ठरलेली. कॉबच्या नावाने त्याने बाजारात आणलेल्या पत्रांबद्दलही जाणकारांचं मत असंच आहे. विल्यम कॉब या अभ्यासकाने २०१० मध्ये त्याच नियतकालिकात स्टम्पच्या या उद्योगांचा सविस्तर पंचनामा केला आहे.

त्यातला एक तपशील मला सगळ्यात बोलका वाटतो. कॉबचे वडील विल्यम हर्शेल कॉब हे शिक्षक, वर्तमानपत्राचे संपादक आणि राज्याच्या सिनेटचे सदस्य. ऑगस्ट १९०५ मध्ये, बाहेरगावी जातो असं सांगून गेलेले ते रात्री परतले आणि खिडकीशी आले. आतून पत्नीने गोळी झाडली. चोर समजून झाडली, असं तिने सांगितलं. १९०६ मध्ये कोर्टाने तिला निर्दोष सोडलं. मुलगा तेव्हा अठरा वर्षांचा होता, आणि वडील गेल्यावर तीनच आठवड्यांनी तो टायगर्सकडून पहिला सामना खेळला. या प्रसंगात स्टम्पने शॉटगन आणली. आणली म्हणजे नुसती लिहिली नाही, ती 'हीच ती शॉटगन' म्हणून वस्तू जमवणाऱ्यांच्या बाजारातही गेली. चौकशीत आईने स्वतः दिलेल्या जबानीत काय आहे? पिस्तूल. जो माणूस एका घरातली खरीखुरी शोकांतिका सजवून विकायला काढतो, त्याच्या तोंडून आलेला खून मी का मानावा?

पण मानला गेला. १९९४ मध्ये स्टम्पचं कॉबवरचं दुसरं पुस्तक आलं, त्याच वर्षी टॉमी ली जोन्सने कॉबची भूमिका केलेला सिनेमा आला, आणि पडद्यावर पाहिलं की ते लोकांना आपल्या आठवणीतलं वाटू लागतं. भाच्याचे ते 'सगळे' म्हणजे एकटा ॲल स्टम्प. एकाच विहिरीचं पाणी दहा हंड्यांतून आलं म्हणून दहा विहिरी होत नाहीत.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की मी कॉबला गंध लावून देव्हाऱ्यात बसवतोय. तसं नाही. त्याच १९१२ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या मैदानावर क्लॉड ल्यूकर नावाचा एक प्रेक्षक त्याला शिव्या घालत होता. कॉब उसळून प्रेक्षकांत शिरला आणि त्याला लाथाबुक्क्यांनी तुडवलं. छापखान्यातल्या अपघातात ल्यूकरचा एक हात गेलेला होता आणि दुसऱ्याची तीन बोटं. हे हजारोंच्या देखत घडलं, त्याला कुठल्याही स्टम्पची गरज नाही. लीगने कॉबला निलंबित केलं, तर त्याचे संघसहकारी संपावर गेले. म्हणून १८ मेला फिलाडेल्फियात हौशी पोरं गोळा करून सामना उरकावा लागला आणि तो टायगर्सने २४-२ असा गमावला. सगळ्या चोवीस धावा ज्याच्या चेंडूफेकीवर झाल्या, तो ॲलन ट्रॅव्हर्स पुढे धर्मगुरू झाला!

आणि वंशद्वेष? इथे मला दोन्ही बाजूंचा राग येतो. १९०८ मध्ये डेट्रॉइटमध्ये ताज्या डांबरावर पाय ठेवला म्हणून एका कृष्णवर्णीय कामगाराने हटकलं, तर कॉबने त्याला मारलं. प्रकरण कोर्टात गेलं. हे नाकारता येत नाही. पण १९०९ मध्ये क्लीव्हलंडच्या हॉटेलात ज्या रखवालदाराशी त्याची हाणामारी झाली, त्याला चरित्रकार चार्ल्स अलेक्झांडर यांनी १९८४ मध्ये कृष्णवर्णीय लिहिलं. चार्ल्स लीअरसन यांनी २०१५ च्या चरित्रासाठी जनगणनेचे कागद काढून पाहिले, तर तो गोरा. मधल्या तीस वर्षांत कुणाला हे तपासावंसं वाटलं नाही. जानेवारी १९५२ मध्ये, दक्षिणेतल्या संघांत कृष्णवर्णीय खेळाडू घ्यावेत की नाही यावर वाद चालू असताना, कॉबने वार्ताहरांना सांगितलं की त्यांना खुल्या मनाने सामावून घेतलं पाहिजे. हेही छापलेलं आहे. लीअरसन मात्र कधीकधी आरोपीच्या वकिलासारखे बोलतात, आणि तिथे माझी पावलं अडखळतात. ल्यूकरच्या शिव्यांत कॉबच्या अंगात काळं रक्त असल्याचा टोमणा होता. तो कॉबला हातघाईवर येण्याइतका झोंबला, आणि सहकाऱ्यांनाही ते कारण पुरेसं वाटलं. त्या काळाबद्दल आणि त्या माणसाबद्दल यातून जे कळतं, ते बावन्न सालच्या एका निवेदनाने पुसलं जात नाही.

बाकीचे गैरसमज किरकोळ.

तो बुटांचे खिळे कानशीने घासून धारदार करायचा: १९०९ मध्ये प्रतिस्पर्धी संघातल्या फ्रँक बेकरच्या हाताला त्याचा खिळा लागला तेव्हा हे फार गाजलं. पण त्या क्षणाचा फोटो उपलब्ध आहे, आणि त्यात कॉब बेकरपासून दूर घसरताना दिसतो. बेकर पट्टी बांधून तोच सामना पुढे खेळला.

त्याला होमरन मारता येत नव्हते: मे १९२५ मध्ये, वयाच्या ३८व्या वर्षी, सेंट लुईसमध्ये दोन दिवसांत पाच मारले. त्याला ती शैली आवडत नव्हती, इतकंच.

तो कवडीचुंबक होता: कोका-कोलाच्या शेअर्सवर तो गडगंज झाला, हे खरं. त्याच पैशातून रॉयस्टन या त्याच्या गावी आईवडिलांच्या स्मरणार्थ रुग्णालय उभं राहिलं, आणि १९५३ पासून जॉर्जियातल्या गरजू विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या मिळू लागल्या.

४,१९१ हिट्सचा त्याचा विक्रम पीट रोझने ११ सप्टेंबर १९८५ ला मोडला: १९१० मधला एक सामना दोनदा मोजला गेला होता, खरा आकडा ४,१८९. म्हणजे रोझने तो तीन दिवस आधी शिकागोतच ओलांडला होता. आतषबाजी उशिरा झाली. सरासरीचा विक्रमही आता कॉबकडे नाही. २०२४ मध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंच्या निग्रो लीगची आकडेवारी अधिकृत नोंदींत सामील झाली आणि ०.३७२ वर जॉश गिब्सन पहिल्या क्रमांकावर आला, ज्याला त्याच्या रंगामुळे मेजर लीगमध्ये कधी खेळूच दिलं नाही.

आणि शेवटचा, 'त्याच्या मयताला कुत्रंही फिरकलं नाही' हा. बेसबॉलमधली माणसं मोजकी होती, बरोबर. पण अंत्यविधी खासगी ठेवायचा हे घरच्यांनी ठरवलं होतं, आणि मृत्यूनंतर दोनच दिवसांत तो उरकला. नातेवाईक आणि मित्र मिळून दीडशेच्या आसपास लोक होते. रॉयस्टनच्या दफनभूमीत लिटल लीगची पोरं दुतर्फा उभी होती. तिथलं समाधिगृह कॉबने हयातीतच बांधून घेतलं होतं. त्यात त्याचे वडील आहेत, आणि शेजारी आईही.